सात नंबरची पेटी

“हाक मारलीस ना? मग तीस मोज. घाई कुणाला झालीय?”

म्हातारा फिटर तिला शिकवायचा तेव्हाचा हा आवाज. बोलण्याआधी तो दोनदा खाकरायचा. वायरलेसवर आधी खाकरणं यायचं, मागून माणूस.

तो गेल्याला वर्ष झालं. नियंत्रण कक्षात तिच्या शेजारच्या खुर्चीत आता त्याची मुलगी बसत होती. बापासारखीच खुर्चीच्या टोकावर, उठायला तयार असल्यासारखी.

खाली रस्त्यांवर बिनचालकाच्या गाड्या फिरत. दर चौकात एक करडी पेटी. पेटी पेटीला सांगे, माझ्याकडे एक आहे, तुझी थोपव. आणि गाड्या अरुंद बोळातून जाणाऱ्या शेजारणींसारख्या एकमेकींना वाट देत निघून जात. कधी वाऱ्याने पुठ्ठा येऊन मार्गावर पडे. पेटी त्यालाही काहीतरी समजून नकाशावर पिवळा ठिपका लावी. मग वायरलेसवर हाक मारायची, तीस मोजायचे. मार्गावर काम करणारं कुणी बोललं नाही, तरच ठिपका पुसून गाड्या सोडायच्या.

“ताई, सातवर काहीतरी आहे,” मुलगी म्हणाली.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कॅमेऱ्यात सातचं वळण रिकामं होतं. ऊन, खांबाची सावली, बस्स. तरी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या. थोड्या वेळाने ठिपका आपोआप मावळला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो सातवर उगवला आणि सहापर्यंत आला. सातने सहाला रीतसर कळवलं, सहाने गाड्या थोपवल्या. तिने वेग काढून पाहिला. हातगाडी ढकलत चालणाऱ्या माणसाचा वेग.

इंजिनियर आले, सातची पेटी बदलून गेले. नवी पेटी, अंगावरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. चार दहाला तिनेही ठिपका लावला.

तिसऱ्या दिवशी तो पाचवर आला. चौथ्या दिवशी चारवर, आणि तिथल्या झाडाखाली पाच मिनिटं थांबला.

“बाबा तिथेच हातगाडी लावून पाणी प्यायचे,” मुलगी सहज बोलून गेली. मग म्हणाली, “ते पीत नव्हते हो, ताई. पाण्याशिवाय काही. पण अहवालात लिहिलं ना, न कळवता मार्गावर उतरले, हाकेला उत्तर दिलं नाही. मग लोक बाकीचं आपल्या मनाने भरतात. आई बाहेर निघतच नाही.”

“हं,” ती म्हणाली. तिचा चहा तसाच निवला होता.

नंतरचे दोन दिवस ती रजेवर गेली. त्या दोन दिवसांत ठिपका उगवलाच नाही.

ती परतली तशी तो पुन्हा निघाला. तीन. मग दोन.

आज चार वाजताच तिने खुर्ची नकाशाजवळ ओढली. एक नंबरची पेटी नियंत्रण कक्षाच्या खिडकीखाली होती.

सात. सहा. पाच. चारवर पाच मिनिटं. तीन. दोन.

एक.

ठिपका थांबला. नकाशावरच्या सगळ्या गाड्याही थांबल्या, शहराच्या पार पलीकडच्यासुद्धा. पेट्यांनी एकमेकींना काय सांगितलं, कोण जाणे. खिडकीखाली रस्ता मोकळा होता.

“पुसू का, ताई?”

“नको.”

तिने वायरलेस उचलला. “एकवर कोणी आहे का?”

आणि हात मांडीवर ठेवून मोजायला लागली.

एक. दोन. तीन. चार.

वायरलेसमध्ये कुणीतरी दोनदा खाकरलं.

मुलगी ताडकन उठली. वायरलेस चालूच होता. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं, घाई नसल्यासारखं.

“बस,” ती म्हणाली. “नाही, उभीच राहा. त्या दिवशी गाड्या तुंबल्या होत्या. मी सातला हाक मारली आणि चारच मोजले. चारला मी ठिपका पुसला, गाडी सुटली. चौकशीत मी सांगितलं, तीस मोजले, उत्तर आलं नाही. टेपवर आवाज होता, त्याला मी खरखर म्हटलं.”

तिने वायरलेस तोंडाजवळ धरला.

“पाचव्याला ते खाकरले होते, पोरी. तुझ्या बाबांनी उत्तर दिलं होतं.”