भिंतीवरचे पेन्सिलीचे आकडे

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याच्यासोबत घडली त्याने स्वतः फोनवर सांगितली. एरवी तो थापांचा कारखाना, पण त्या दिवशी त्याला थाप सुचण्याची शुद्धच नव्हती.

शनिवार होता. दुपारचे तीन. अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलेलं.

आत एकटाच साहेबांचा मेहुणा. अक्कल बेताची, पण ती पाजळायची हौस दांडगी. वायफाय हळू चालतं म्हणून राउटरमधला कंपनीचा प्रोग्राम पुसून इंटरनेटवरचा फुकटचा फर्मवेअर घालायला बसला होता.

साहेबांनी बजावलं होतं, "मध्येच वीज काढलीस तर राउटर मेला. आणि सोमवारी नेट नसलं तर तूही इथे नसशील. तुझ्या ताईकडे बघून चौथी नोकरी देणार नाही."

"भाऊजी, माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

तो राउटर बसवला होता वायरमन काकांनी. काका चार महिन्यांपूर्वी वारले. फोन हातात घेऊन ते ऑफिसभर फिरायचे आणि जिथे शंभरापैकी जेवढा सिग्नल, तेवढा आकडा तिथल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे. जिन्यात १२. मुख्य दारापाशी ३१. हिशेबाच्या टेबलामागे ५४. राउटरच्या खोलीच्या दाराशी ८०.

"म्हातारा येडा होता," मेहुणा सगळ्यांना सांगायचा. त्या दुपारी तर त्याने तो ८० थुंकी लावून अंगठ्याने पुसला. काही कारण नव्हतं.

नवा प्रोग्राम चढला. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल ओळ आली. काम चालू आहे, पाच मिनिटं वीज काढू नका.

त्याखाली जोडलेल्या फोनची यादी. ती रिकामीच असणार, कारण या प्रोग्राममध्ये आपण चालू करेपर्यंत वायफाय बंद असतं.

यादीत एक फोन होता...

नाव, काका. सिग्नल, १२.

"कोण फालतूपणा करतंय रे?" तो ओरडला.

यादीतला आकडा हलला.

३१.

मुख्य दाराला आतून कडी होती. ती त्यानेच लावली होती.

५४...

बाहेर हिशेबाच्या टेबलाची खुर्ची सरकली.

आता त्याचा हात प्लगवर गेला. काढला तर राउटर मेला, नोकरी गेली, ताईसमोर पुन्हा मान खाली. पाच मिनिटांतली तीन अजून बाकी होती. तो थांबला. तेवढं मात्र त्याचं कौतुक करायला हवं.

८०.

दारात कोणी नव्हतं. पण पुसलेल्या जागेवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता... सावकाश, नीट अक्षर काढावं तसा.

त्याने प्लग उपटला.

राउटरचे दिवे विझले. लॅपटॉपवर आकडा बदलला.

९४...

आणि पेन्सिलीचा आवाज त्याच्या मानेमागून आला.

सोमवारी राउटर मेलेलाच होता. साहेबांनी शब्द पाळला. मेहुणा सामान न्यायलाही आला नाही. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणून आम्ही पोटभर हसलो.

मग कोणीतरी राउटरच्या खोलीतली त्याची खुर्ची बाजूला केली. मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, १००.

तो आकडा अजून तसाच आहे. खुर्चीही रिकामी आहे.

राउटर आता नवा आहे, कंपनीच्याच प्रोग्रामवर चालतो. जोडलेल्या फोनची यादी मलाही उघडता येते. मी उघडत नाही.

हिशेबाचं टेबल माझं आहे.