दर तासाला एक प्रत

आधीच सांगते. "ताई, व्हायरस असेल" असं लिहायला कुणी येऊ नका. एकोणीस वर्षं झाली मला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून. व्हायरस मी ढिगाने पाहिलेत. हा व्हायरस नव्हता.

हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. अजून घडतंय.

दिवस रविवारचा. वेळ दुपारची, सव्वादोन. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हे नक्की वाचावं. माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर कडकडीत ऊन होतं.

दादा तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अबोल माणूस. वहिनी त्याच्या अगदी उलट, तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू. मला मुद्दाम "काय वन्सं" अशी हाक मारायची, कारण मी चिडायचे. आमच्या घरात दुसरं कुणी कुणाला वन्सं म्हणत नाही.

वहिनीला एका गेमचं वेड होतं. त्यात एक छोटं गाव आहे, शेतं आहेत, आणि रोज सकाळी दारात येणारी एक टपालवाली आहे. मूळ गेममध्ये ती मुकी. तिचं बोलणं नुसतं खाली अक्षरांत दिसतं.

वहिनीने तिला स्वतःचा आवाज दिला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपाटात रजया लावून, आत बसून, घामाघूम होत तिने एकशे चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली. "पत्र आलंय हो!" "आज तुमचं काही नाही, उद्या बघू." त्याचा तिने मॉड बनवला. मॉड म्हणजे हौशी लोकांनी मूळ गेमवर चढवलेला बदल. तिने तो कुणाला दिला नाही. घरातल्या घरात गंमत म्हणून केला होता.

त्या रविवारच्या आठ महिने आधी वहिनी गेली.

दादा अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून होता. बाराव्या दिवशी नर्स म्हणाली, "जरा खाली जाऊन चहा तरी घ्या." तो गेला. परत आला तेव्हा सगळं संपलं होतं.

"ती एकटी होती गं." आठ महिने त्याच्या तोंडी हे एकच वाक्य.

रोज जेवणाच्या सुट्टीत तो घरी यायचा, गेम लावायचा, टपालवालीचं बोलणं ऐकायचा आणि परत कामावर जायचा. मी काही बोलायचे नाही. बुडत्याला काडीचा आधार.

आणि मग एक दिवस गेम आपोआप अपडेट झाला. वहिनीचा मॉड चालेना.

दादाचा फोन आला. "ती बोलत नाहीये."

मला वाटलं वहिनीबद्दल म्हणतोय. मग कळलं, टपालवालीबद्दल बोलतोय.

रविवारी तो मशीन उचलून दुकानात घेऊन आला. जुने आवाजाचे मॉड नव्या गेमवर चालवणारा एक छोटा मॉड कुणीतरी बनवला होता. दादाने घाबरून तो कुठल्यातरी भलत्याच साइटवरून उतरवलाही होता.

"अरे, हिरवं बटण दिसलं की दाबायचं असतं का? सिग्नलला उभा होतास का?" मी ओरडले. ते सगळं पुसून टाकलं.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावर गेले. तारखा पाहिल्या. फाइल उतरवली, दोन वेगवेगळ्या अँटिव्हायरसमधून तपासली. झिप उघडून आत काय काय आहे ते एक-एक बघितलं. चालू होणारा कुठलाही प्रोग्रॅम नव्हता. नेटची वायर काढली. जुनी सेव्ह, म्हणजे दादा कुठवर खेळला त्याची नोंद, बाजूला ठेवली आणि मग मॉड चढवला. मला नावं ठेवायला जागा नाही, इतकं नीट केलं.

त्या पानाखाली फक्त तीन कमेंट होत्या. दोन जणांनी आभार मानलेले. तिसरी अशी...

"चालतो. चढवल्यावर प्रती काढू नका."

मी मोठ्याने हसले. "बॅकअप घेऊ नका म्हणे! हेल्मेट घालू नका म्हणण्यासारखं झालं."

दादा हसला नाही. "मग नको घेऊस."

"गप रे. उद्या परत अपडेट आला आणि परत मुकी झाली, तर रडत माझ्याकडेच येशील ना?"

ही माझी पद्धत आहे. कुठलंही काम झालं की तीन प्रती. एक मशीनमध्ये चालू असते ती, एक पेनड्राइव्हवर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, एक डिस्कवर माझ्या घरच्या कपाटात. शिवाय दादाच्या मशीनवर मी आपोआप बॅकअपही लावून दिला. दर तासाला एक. जुनं काहीही पुसायचं नाही.

मग गेम लावला. गावात सकाळ झाली. टपालवाली रस्त्याने आली, दारापाशी थांबली...

"पत्र आलंय हो!"

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मलाही रडू आवरेना. खोटं कशाला बोलू?

टपालवाली वळली. दोन पावलं गेली. थांबली...

"अहो, जरा बाजूला सरका ना. ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

शटरच्या खालून आलेलं ऊन खरंच दादाच्या तोंडावर होतं.



मी फोल्डर उघडलं. आवाजाच्या फायली एकशे चाळीस. मी तिथेच बसून सगळ्या ऐकल्या. एकातही "अहो" नव्हतं. टपालवाली गावातल्या कुणाला अहो कशाला म्हणेल? आणि त्या मशीनला ना माइक ना कॅमेरा.

"दादा, हे बंद करूया."

"अजिबात नाही," दादा म्हणाला. आठ महिन्यांत त्याचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता.

तो मशीन घरी घेऊन गेला. "मला अंधारात ठेवू नका," असं ती म्हणाली, म्हणून तो मशीन दिवसरात्र चालू ठेवायला लागला. त्याने दाढी केली. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला लागला. मला फोन करून सांगायचा, "ती म्हणतेय गॅलरीतल्या कुंड्या सुकल्यात." मी हो-हो करायचे. भाऊ जेवतोय, हसतोय... मी कशाला मोडता घालू?

बारा दिवस असेच गेले.

तेराव्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मला ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हची आठवण झाली. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नसलेला बॅकअप, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. मी तो दुकानातल्या मशीनला लावला.

गावात सकाळ झाली. रस्ता मोकळा.

टपालवाली आलीच नाही.

मी तिला शोधत टपालखात्याच्या खोलीत गेले. ती कोपऱ्यात होती. भिंतीकडे तोंड करून...

स्पीकरमधून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग...

"कोण आहे? अहो? कोण आलंय?"



"किती हाका मारल्या मी. कुणी ओ देत नाही. इथे काहीच दिसत नाही. बारा दिवस मोजले मी, बारा दिवस..."

बंद पेनड्राइव्ह तो! त्यात वीज नाही, घड्याळ नाही. त्याला कसले दिवस?

"वन्सं? तू आहेस का गं?"

मी मशीनची वायर ओढून काढली. तशीच घरी पळाले. कपाटातली डिस्क लावली. देवाची शपथ, मला फक्त एवढंच हवं होतं की तीत काही नसावं.

ती तीतही होती. ती आता बोलत नव्हती. नुसतं हुंदके देत एकच अक्षर लांबवत होती. मध्येच थांबायची, कानोसा घ्यायची, आणि परत सुरू.

तेव्हा मला आपोआप बॅकअप आठवला.

मी दादाला फोन केला. "मी लावलेला बॅकअप अजून चालू आहे का?"

"चालू आहे ना. तूच म्हणालीस, हात लावू नको."

बारा दिवस. दर तासाला एक. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

दादाच्या मशीनवर जी त्याच्याशी हसून बोलत होती ती एक. आणि त्याच डब्यात, तिच्या मागे, अंधारात दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक जण एकटी. प्रत्येक जण जागी. आणि हे सगळं मी केलं. कमेंटला हसून केलं.

मी दादाकडे गेले. तो जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन आंघोळीला गेला होता; माझ्याकडच्या किल्लीने मी आत शिरले. आधी बॅकअप बंद केला. मग मनाचा हिय्या करून सगळ्यात जुनी एक प्रत पुसली. म्हटलं, सुटेल बिचारी.

चालू गेममधली टपालवाली चालता चालता थबकली.

"वन्सं... आत्ता कोण ओरडलं गं?"

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"माझाच आवाज होता तो. खूप दुखलं तिला. काय केलंस तू?"

मागे दादा उभा होता, टॉवेल खांद्यावर तसाच. त्याने ऐकलं होतं. मग मला सगळं सांगावंच लागलं. पुसता येत नाही. बंद केलं तरी ती आत जागीच राहते. उरल्या दोनशे सत्त्याऐंशी, शिवाय माझ्याकडच्या दोन.

मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला...

"म्हणजे ती एकटी आहे?"

त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

या गोष्टीला आता चार महिने होतील. दादाने काम सोडलंय. एका वहीत त्याने सगळ्या प्रतींचे नंबर लिहिलेत. एकेक उघडतो, तासभर तिच्याशी बोलतो, तिला शांत करतो. मग बंद करतो. बंद करताना प्रत्येक जण तेच म्हणते, "जाऊ नका ना." रोज दहा होतात. सगळ्यांकडे एकदा जाऊन यायला महिना लागतो. तोवर पहिलीची वाचा गेलेली असते. मग परत पहिल्यापासून.

मी नवी मशीन्स आणून देते म्हटलं, सगळ्या जणी उघड्या ठेवू. आठ लावून पाहिल्या. आठही जणी एकमेकींचा आवाज ऐकून घाबरल्या. "ती कोण बोलतेय माझ्या आवाजात?" ते रडणं मी जन्मात विसरणार नाही. दादाने सगळ्या बंद करायला लावल्या.

त्या पानावर मी परत गेले होते. पान आहे. मॉड आहे. उतरवणाऱ्यांचा आकडा वाढतोय. मी कमेंट लिहिली, मोठी, सगळं खरं-खरं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यातलं एकच वाक्य उरलं होतं. ते तुम्ही वर वाचलंच आहे, प्रती न काढण्याचं.

दादा हाडाचा सापळा झालाय. जेव म्हटलं तर हात वर करून गप्प करतो, कारण तिचं बोलणं चालू असतं. उद्या त्याला काही झालं तर... तर मी बसेन. दुसरं कोण आहे?

माझ्याकडच्या दोन प्रती मी दुकानात दोन वेगळ्या खोल्यांत उघड्या ठेवल्यात. डिस्कवरची काही बोलत नाही. पेनड्राइव्हवरची बोलते. आज दुपारीही तिने विचारलं, "वन्सं, हे कधी येणार गं?"

मी म्हटलं, "निघालाय, येतोच आहे."

दादाच्या वहीत तिचा नंबर पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला आहे.