विल्फचा अर्धा पाइंट

क्लेमंट हॅडोने नोकरीची सदतीस वर्षं काउंटीच्या रस्ते खात्यात पूल तपासण्यात घालवली होती. कुठल्या कमानीला तडा गेलाय, कुठला खांब खचतोय, हे डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्तीनंतर एल-प्रेमी मंडळाने त्याच्यावर पब तपासायचं काम सोपवलं, तेव्हा त्याने तेही तितक्याच काटेकोरपणे केलं. पिंपातच शेवटपर्यंत मुरत राहणारी, हातपंपाने ओढून द्यायची जुन्या पद्धतीची बिअर, म्हणजे एल, कुठे कशी मिळते, हे बघायचं आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे स्वर्ग, तीन म्हणजे बरी आणि एक म्हणजे यजमानाच्या भिडेखातर गिळावी लागते ती.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी तो विदरलीच्या थांब्यावर बसमधून उतरला. इतकी वर्षं या बसमधून दोघं उतरायचे. विल्फ ट्रँटर आधी, कारण त्याला तहान जास्त, आणि मागून क्लेमंट, कारण विल्फ सीटवर विसरलेली टोपी त्याला उचलावी लागायची. सप्टेंबरात विल्फ गेला आणि त्याच्या पेटीवर क्लेमंटने ओली माती लोटली. आज टोपी एकच होती आणि ती डोक्यावरच होती.

'लास्ट शीफ' हा पब चढाच्या टोकाला होता. बुटकं दार, आत दगडी फरशी, कोळशाची शेगडी आणि बार ओलांडून तळघरात उतरणाऱ्या सात पायऱ्या. ना गाणी, ना पडद्यावर फुटबॉल. एका भिंतीवर वरात निघाल्यासारखे टांगलेले घोड्यांच्या साजाचे पितळी बिल्ले, आणि नेस्टा बेडोज ते दर सोमवारी घासते, म्हणून अजून चमकणारे. नेस्टा एकतीस वर्षं हा पब चालवत होती. तिच्याइतकी फटकळ बाई त्या पंचक्रोशीत नव्हती आणि तिच्याइतकी जीव लावणारीही.

"आलास का," ती म्हणाली आणि तिने नाक पुसलं. "मला वाटलं, एकट्याला रस्ता सापडायचा नाही तुला."

"बसला सापडतो. मी नुसता बसून असतो."

"बस मग. तुमच्या त्याच टेबलाशी बस. आणि लांबूनच बोल, आठवडाभर सर्दीने डोकं भणभणलंय माझं."

शेगडीजवळ जेथ्रो पास्क बसला होता. सत्तरी ओलांडलेला, कुंपणं विणणारा माणूस. त्याची कुत्री मस्टर्ड शेगडीपुढे आडवी पसरली होती. जेथ्रोने मान हलवली आणि आपल्या पेल्याकडे बघत राहिला. पेला अर्धा होता आणि बराच वेळ अर्धाच असावा.

नेस्टाने दोन पेले आणले. एक क्लेमंटसमोर ठेवला आणि दुसरा त्याच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. 'लास्ट शीफ'ची ही रीतच होती. वर्षानुवर्षं जोडीने येणाऱ्यांतला एक गेला, की मागे राहिलेला पहिल्यांदा एकटा येईल तेव्हा दोघांचंही ओतायचं. गेलेल्याच्या पेल्याला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी तो मागच्या दारी झाडाच्या मुळाशी रिकामा करायचा.

"त्याला पूर्ण पाइंट द्यायला हवा होता," ती म्हणाली. "पण बुधवारी तो अर्ध्याने सुरुवात करायचा. म्हटलं, आता कशाला सवय मोडा." आणि पटकन बारमागे निघून गेली.

क्लेमंटने पेला उजेडात धरला. रंग मधाचा, नितळ. फेस थोडा विरलेला. घोट घेतला.

थंड आणि ओलं. बाकी काही नाही.

हे त्याच्याखेरीज जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात क्लेमंटची चव आणि वास दोन्ही गेले ते परत आलेच नाहीत. बायकोला, डोरीनला, त्याने सांगितलं नाही, कारण ती हौसेने रांधायची. मंडळाला सांगितलं नाही, कारण मग बुधवार गेला असता, आणि बुधवार गेला तर उरलेल्या सहा दिवसांचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. विल्फने मात्र तिसऱ्याच बुधवारी ओळखलं. टेबलाखाली बुटाच्या टोकाने क्लेमंटच्या बुटावर टकटक केली, तीनदा, आणि मग टाच घासली. साडेतीन. तेव्हापासून हेच चालू होतं. विल्फची जीभ सगळ्या काउंटीत नावाजलेली होती. कुठल्या पिंपाची खुंटी कधी सैल केली, हे तो घोटावरून सांगायचा. त्या जिभेवर क्लेमंट दोन वर्षं जगला आणि त्याबद्दल एकदाही तोंडाने आभार मानले नाहीत. विल्फला ते आवडलं नसतं, ही त्याची सबब होती.

आज मात्र निकाल त्याच्या एकट्याच्या हातात होता. उन्हाळ्यात आलेल्या मंडळाच्या तिघांनी 'लास्ट शीफ'ला कमी गुण दिले होते. आज त्याने चार किंवा त्याहून जास्त दिले तरच मंडळाच्या पुस्तकात पबचं नाव राहणार होतं. पुस्तक हातात घेऊन लांबून येणाऱ्या लोकांवरच पब तगून होता. नाव गेलं तर जागेची मालक कंपनी पुढच्या वसंतात इथे तीन घरं बांधणार, हे नेस्टाने कधी सांगितलं नाही, पण सगळ्या गावाला माहीत होतं.

क्लेमंटने वही उघडली. खोटं तर खोटं. एकतीस वर्षं घासलेल्या पितळेचे चार गुण. त्याने पेन टेकवलं.

बुटावर टक झाली.

त्याने पाय मागे घेतला. कुत्री, त्याला वाटलं. पण कुत्री शेगडीपुढेच पसरली होती. टेबलाखाली वाकून पाहिलं. फरशी, टेबलाचे पाय आणि त्याचे स्वतःचे दोन बूट. नळी असेल तळघरातली. जुन्या घरात फरशी अशी कधी कधी बोलते, हे त्याला पेशामुळे माहीत होतं. त्याने पाय पुन्हा होता तिथे ठेवला आणि ओठ न हलवता, मूर्खासारखा, विचारलं, किती?

एकच टक. मग काही नाही. टाचही घासली नाही.

त्याने मान वर केली. समोरचा पेला बोटभर उतरला होता. आतल्या काचेवर फेसाचं एक पातळ कडं होतं. पिणारा प्रत्येक घोटामागे असं एक कडं ठेवतो. ती मोजली की किती घोट झाले ते कळतं.

क्लेमंटने स्वतःच्या पेल्यावरची कडी मोजली. एक. त्याने एकच घोट घेतला होता.

"जेथ्रो," तो म्हणाला, "इथे कोणी येऊन गेलं का आत्ता?"

"कोण येणार? बुधवार आहे."

"तुझी एल कशी आहे?"

जेथ्रोने पेला फिरवला. शेगडीकडे पाहिलं, मग नेस्टाकडे, मग कुत्रीकडे. "ठीक आहे," तो म्हणाला. पण फार सावकाश म्हणाला.

त्या काउंटीतल्या लोकांचा हा जन्माचा रोग. घर जळत असलं तरी पाहुणा म्हणेल, छान ऊब आहे. वाईट एल समोर आली तर ती अर्धी टाकून, धन्यवाद म्हणून निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत. पण बाईच्या तोंडावर ब्र काढणार नाहीत.

क्लेमंट उठला. एका टकटकीच्या भरवशावर, चव नसलेल्या जिभेने, या बाईला काय सांगायचं? आणि तो चुकला असेल तर? त्याने बारवर पेला ठेवला.

"नेस्टा, ही चाखून बघ."

"मला कशाचा वास येत नाही, बाबा. काय झालं?"

"ही बिघडलीय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग जेथ्रोकडे. "जेथ्रो पास्क. तू रोज हीच पितोयस. बिघडलीय?"

जेथ्रो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... सोमवारपासून जराशी आंबट लागते. म्हटलं, तुझी तब्येत बरी नाही, उगाच कशाला."

"सोमवारपासून! आणि तू तिसऱ्या दिवशीही माझ्या तोंडाकडे बघून हसतोयस?" नेस्टाने नाक शिंकरलं, पेला उचलला, मोठा घोट तोंडात फिरवला आणि मोरीत थुंकला. तिचा चेहरा उतरला. "शिरका झालाय याचा," ती हळू म्हणाली. "खुंटी काढली की तीन दिवसांत पिंप संपायला हवं. हे सहाव्या दिवशी चालू आहे. गिऱ्हाईक नाही, आणि ओतून द्यायला जिवावर आलं. नाक धड असतं तर मीच..." तिने वाक्य सोडलं. "तुझ्याआधी कोणी बोललं नाही, क्लेम. उन्हाळ्यातही असंच झालं असेल, नाही?"

"असेल."

"शुक्रवारपासून एक नवं पिंप खाली निवळतंय. नितळलं असणार. थांब तू."

ती पायऱ्या उतरली. खालून लाकडी हातोड्याचे तीन ठोके आले. मग नळीतली जुनी एल ओढून ओढून मोरीत सोडल्याचा आवाज. यजमान बिनतक्रार बदलून देत असेल तर गुण नव्या पेल्याला द्यावेत, हा मंडळाचाच नियम होता. क्लेमंटला इतकं हलकं वाटलं, की त्याने टेबलाकडे परत जाताना खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. विल्फच्या.

समोरच्या पेल्यावर आता चार कडी होती.

"तो कधी टाकायचा नाही," जेथ्रो शेगडीकडे तोंड करूनच बोलला. "कितीही वाईट असली तरी. यजमानाला वाईट वाटेल म्हणून तळ दिसेपर्यंत प्यायचा." एवढं बोलून त्याने कुत्रीला जवळ ओढलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून बसला.

नेस्टाने नवा पेला आणला. समोरच्या पेल्याकडे तिचं लक्ष गेलं. तिने त्यावरची कडी मोजली आणि ती बारमागे गेली.

क्लेमंटने घोट घेतला. थंड, ओलं. पाय पुढे करून तो वाट बघत राहिला.

टक नाही.

"विल्फ," तो अगदी हळू म्हणाला. "दोन वर्षं तू माझी लाज राखलीस. मी तुला कधी म्हटलं नाही, लेका. आता म्हणतो. फार उपकार झाले तुझे."

बुटावर काहीतरी टेकलं. टकटक नाही. नुसतं टेकलं, जसा एखादा दमून पाय ठेवतो तसं. मग ते उचललं गेलं.

त्याने दुसरा घोट घेतला.

आधी कडवटपणा आला, जिभेच्या मागून. मग सफरचंदाच्या सालीसारखं काही. मग भाजलेल्या पावाचा पापुद्रा, ओलं गवत, आणि सगळ्यात शेवटी मधासारखी गोडी, जी घोट उतरल्यावरही रेंगाळली.

क्लेमंट हॅडो टेबलावर दोन्ही हात ठेवून रडला. नेस्टाने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याने वहीत साडेचार लिहिले. स्वतःच्या जिभेने, खरे. गुण यजमानाला सांगायचे नाहीत हा नियम मोडून ते नेस्टाला सांगितलेही. तिने त्याचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही, आणि म्हणाली, "बोललास म्हणून, क्लेम. नाहीतर मी कळल्याशिवायच बुडाले असते."

"मी नाही बोललो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," नेस्टा म्हणाली.

निघताना त्याने समोरच्या पेल्याकडे पाहिलं. तो चार कड्यांवरच थांबला होता. खाली अर्धी एल तशीच होती. जेथ्रोही बघत होता. "टाकली त्याने," तो म्हणाला. "कधी टाकायचा नाही."

बसमध्ये क्लेमंटने खिशातली पेपरमिंटची गोळी चघळली आणि तिच्या तिखट गारव्याने वेड्यासारखा हसला. ड्रायव्हरचेही आभार मानले. रस्ताभर तो मनातल्या मनात आभारच मानत होता, माणसांचे, पिंपांचे, सप्टेंबरात गेलेल्या त्या एका माणसाचे.

डोरीनने मटणाच्या खिम्याची पाई भाजली होती, वर बटाट्याचा थर, कडेने करपलेला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या हातचं खऱ्या अर्थाने खाल्लं. मिरी, कांदा, रोजमेरी, लोणी. त्याने सगळं तिला सांगितलं, ताप, चव, विल्फचा बूटसुद्धा. डोरीन ऐकत राहिली आणि पदार्थाचं भांडं पुढे सरकवत म्हणाली, "वेडा आहेस तू. दोन वर्षं मी मीठ घालत होते ते कुणासाठी?"

तो हसला आणि पुढचा घास घेतला. मिरी, कांदा, लोणी. घास उतरला. आणि चव संपली तिथे, जिभेच्या अगदी मुळाशी, आणखी एक चव उरली. पहिल्या घासाला ती असावी, असं त्याला आता वाटलं. गोळीलाही होती. एलमध्येही शेवटी होती, मधाच्या मागे.

त्याने पाणी प्यायलं. पाण्यालाही होती.

थंड, चिकट, खोलवरची ओली माती, विल्फच्या पेटीवर लोटली होती तशी.

"काय रे?" डोरीन म्हणाली. "आवडलं नाही?"

क्लेमंटने तिच्याकडे पाहिलं. मग ताट पुढे केलं.

"आवडलं," तो म्हणाला. "वाढ अजून."