मिस्तरींचं ऐकणं

सन दोन हजार नऊ, फेब्रुवारीचा शेवट. थंडी उतरणीला लागली होती. सकाळी अंगावर असलेला स्वेटर दुपारी खांद्यावर यायचा. अशा एका दुपारी खर्ज्या आपली नवी बेस गिटार आणायला मिस्तरींकडे गेला. काम साधं होतं. जायचं, वाद्याची पेटी उचलायची, यायचं.

खर्ज्या हे त्याचं खरं नाव नव्हे. नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तो वीस वर्षं बेस वाजवत होता आणि आवाजही तसाच होता, विहिरीतून आल्यासारखा. म्हणून खर्ज्या. घरी दोन बेस आधीच भिंतीवर होत्या. एक कारखान्यात बनलेली, जुनी. दुसरी एका नावाजलेल्या कारागिराकडून मागवलेली. दोघींचा आवाज तो रोज ताडून बघायचा आणि रोज कुठल्यातरी एकीवर नाराज व्हायचा. तिसरी ही, मिस्तरींच्या हातची. मिस्तरी वर्षाला चार-पाचच वाद्यं करत. लाकूड गिऱ्हाइकासमोर ठोकून निवडत, मान गिऱ्हाइकाच्या पंजाच्या मापाने तासत. या वाद्यासाठी खर्ज्याने दीड वर्ष वाट पाहिली होती आणि स्कूटर विकली होती. बायको दोन्ही गोष्टी विसरली नव्हती.

मिस्तरींची एक रीत होती. वाद्य घराबाहेर पडण्याआधी मालकाने त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचं आणि प्रत्येक तारेवरचा प्रत्येक पडदा, म्हणजे मानेवरची सुराची धातूची पट्टी, दाबून वाजवायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता. रंध्याच्या यंत्राशेजारी जन्म काढल्याने मिस्तरींचे कान गेले होते. ते बोटाने ऐकत. वाद्याच्या डोक्यावर, खुंट्यांच्या जवळ, एक बोट टेकवायचं आणि डोळे मिटायचे. एखादा सूर अडखळला की बोट उचलून म्हणायचे, "इथे." मग वाद्य परत टेबलावर चढायचं. ऐकल्याशिवाय त्यांनी एकही वाद्य बाहेर सोडलं नव्हतं.

त्या दुपारी मिस्तरी तापाने पडले होते. आतल्या खोलीत, खाटेवर, उशीला टेकून. त्यांची बायको, काकू, उशाशी बसल्या होत्या. खर्ज्याचा संध्याकाळी प्रयोग होता आणि तो घाईत होता.

"ऐकवून जा," मिस्तरी म्हणाले.

"काका, आज पायाला भिंगरी आहे. परवा येतो. तुमचं ऐकणं माझ्यावर उधार."

"मी उधार ठेवत नाही," त्याच्या ओठांवरून शब्द वाचत मिस्तरी म्हणाले.

"एवढं एकदा ठेवा की!"

मिस्तरींनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, "बरं. पण मी वसूल करतो हं."

काकू हसल्या. खर्ज्याही हसला. परवा त्याला जमलं नाही. नंतरही राहून गेलं. आठवडा उलटला आणि मिस्तरी गेले.

मार्चमध्ये नव्या नाटकाच्या तालमी लागल्या. नाटकाची सुरुवात अंधारात होती. बंद पडद्यामागून एकट्या बेसचा एकच सूर; तो घुमत राहायचा, आणि तो घुमत असतानाच रंगमंचावर उजेड यायचा. मास्तरांनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी, ही जागा मुद्दाम खर्ज्यासाठी बांधली होती. बारीक तारेवर, सातव्या पडद्यावर.

पहिल्या तालमीत खर्ज्याने तार छेडली. सूर उठला आणि मेला.

हळूहळू विझला असता तर खर्ज्याला नवल वाटलं नसतं. बेसमध्ये कुठेतरी एखादी मेलेली जागा असतेच. तिथे सूर लवकर आटतो. लाकडाचा स्वभाव असतो तो. पण हा आटला नाही. कुणीतरी तारेवर बोट ठेवावं तसा थांबला.

"खर्ज्या, झोप झाली नाही का?" मास्तर म्हणाले.

तो घरी आला आणि कामाला लागला. तारा बदलल्या. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो खालचा पितळी भाग, काढून जड घोडी बसवली. वाद्याच्या डोक्याला शिशाचा तुकडा आवळला, कारण वजन वाढलं की मेलेली जागा सरकते. इतर वाद्यांत सरकते. इथे सरकली नाही. मग त्याने पिकअप काढला. तारेची थरथर पकडून आवाज करणारा हा चुंबक मिस्तरींनी हाताने तार गुंडाळून केला होता. त्याच्या जागी दुसऱ्या बेसचा बसवला. सूर तिथेच मेला. तोच सूर शेजारच्या तारेवर बाराव्या पडद्यावर मिळतो. तिथे वाजवून बघितला. तिथेही मेला.

तेव्हा त्याला घाम फुटायला हवा होता. त्याला नुसता राग आला. लाकूड दोषी असेल तर एका जागी दोषी असेल. सूर दुसरीकडे जाऊन कसा मरतो?

त्याने जुनी बेस भिंतीवरून उतरवली. इतकी वर्षं तिचा तो सूर खणखणीत होता. छेडला. मेला. आणि खोलीत कुठूनतरी सरसाचा वास आला. लाकूड चिकटवायचा सरस गरम करताना येतो तसा, उग्र, जनावरासारखा. खर्ज्याच्या घरात सरस कधीच नव्हता.

"काय शिजवताय तुम्ही?" बायको दारातून म्हणाली.

"काही नाही."

"तीन तीन बेस, चार चार तारा. बारा तारा आहेत घरात, आणि तुमचं अडलंय एका सुरावर. त्या मास्तरांना सांगा ना, दुसरा सूर घ्या म्हणून."

"तू जा बघू."

"जाते. स्कूटर असती तर लांब गेले असते."

खर्ज्याने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा पेचकस उचलला. आता एकच उरलं होतं. मिस्तरींच्या बेसचे पडदे सपाट आहेत का ते बघणं. त्यासाठी पडद्यांच्या मधल्या लाकडावर पांढरी कागदी पट्टी चिकटवतात, पडद्यांना काळी शाई फासतात, आणि वरून सपाट दगड फिरवतात. जिथली शाई पुसली जात नाही तो पडदा बसलेला. त्याने तारा काढल्या, पट्ट्या चिकटवल्या, शाई फासली आणि ती वाळेपर्यंत जेवायला गेला. खोलीचं दार त्याने ओढून घेतलं होतं.

परत आला तर सातव्या पडद्यावरची शाई बारीक तारेच्या जागी पुसलेली होती. शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर काळा ठसा होता. लांबट, गोल. बोटाचा.

"तू हात लावलास का गं याला?"

"मला माझ्या सवतींना हात लावायची हौस नाही," आतून उत्तर आलं.

त्याने दिवा जवळ आणून बघितलं. ठसा बोटाचा होता खरा, पण त्यात रेषा नव्हत्या. एकही नाही. अंड्याच्या टोकासारखा गुळगुळीत डाग.

त्याने पट्टी ओढून काढली, चोळामोळा करून फेकली, तारा पुन्हा चढवल्या, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत मास्तरांनी पेटी उघडून वाद्य ड्रमवाल्याच्या हातात दिलं. ड्रमवाल्याला बेस येत नव्हती. त्याने बोट दाबून तार ओढली आणि तो सूर नाटकगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांमधून असा फिरला, की झाडणारी बाईही झाडू टेकवून उभी राहिली.

"वाजतंय की रे! वाद्य बरं आहे, खर्ज्या. तूच गंजलास."

मास्तरांनी कोठीतली धूळ खाल्लेली बेस आणवली. "हिच्यावर वाजव."

खर्ज्याने वाजवली. सूर उठला आणि मेला. कुणी हसलं नाही. ड्रमवाला नाक वर करून म्हणाला, "कसला वास येतोय रे?"

मास्तर खर्ज्याला बाजूला घेऊन गेले. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "मंगळवारी पडदा उघडतो. सोमवारी तुझा सूर टिकला तर तू बसशील. नाही टिकला तर मी दुसऱ्या माणसाशी बोलून ठेवलंय. वीस वर्षं झाली, मला बरं वाटत नाही हे सांगताना. पण प्रेक्षकांना मी काय सांगू? खर्ज्याचं बोट रुसलंय?"

रविवारी सकाळी खर्ज्या तिन्ही बेस मांडून बसला होता. सुटे पेच, सुट्या तारा, दोन पिकअप, तीन घोड्या. कुठला भाग कुठल्या वाद्याचा हेही आता त्याला नीट आठवत नव्हतं. त्याने पक्कड भिंतीवर फेकून मारली.

बायको आत आली. तिने पक्कड उचलून टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलली. "त्यांना परवा येतो म्हणाला होतात ना?"

"कुणाला?"

"मिस्तरींना. गेला होतात का?"

"माणूस मेला. आता कुणाला ऐकवू?"

"ते मला माहीत नाही. पण बोललात तर जा."

त्याने मिस्तरींच्या बेसचे सगळे भाग शोधून काढले आणि जसे होते तसे बसवले. त्यांची घोडी, त्यांचा पिकअप. शिसं काढून टाकलं. दुपारी तो निघाला.

मिस्तरींची गल्ली दुपारची ओस होती. काकूंनी दार उघडलं. त्याच्या हातातली पेटी बघून त्या किल्ली घेऊन आल्या.

"कारखाना उघडून देते. मी आत बसते हं. ते घुमणं माझ्या पोटात बसतं, आधीपासून."

"काकू..." खर्ज्या थांबला. "काकांची बोटं..."

"बोटांचं काय?"

"काही नाही. सहज आठवली."

"झिजलेली होती मेली. पॉलिशपेपर घासून घासून रेषाच गेल्या. कचेरीत अंगठा द्यायला गेले तर साहेब म्हणे, आजोबा, नुसता डाग उठतोय." काकू हसल्या आणि आत गेल्या. मधलं दार त्यांनी लोटून घेतलं.

कारखान्यात एकच खिडकी होती, भुशाने आंधळी झालेली. तिच्यातून येणारा उजेड तपकिरी होता. भिंतीवर अर्ध्या तासलेल्या माना टांगलेल्या, तारा नसलेल्या. सरसाचं भांडं शेगडीवर थंड पडलेलं होतं. तरीही वास ताजा होता. स्टूल जागेवर होतं. समोर मिस्तरींची पाठ मोडलेली खुर्ची.

खर्ज्या बसला. त्याला स्वतःचीच चीड आली. पन्नाशीला आलेला माणूस, रिकाम्या खुर्चीसमोर परीक्षेला बसलाय. त्याने कोपऱ्यातला अँप्लिफायर लावला, जाड तार घेतली आणि पहिला पडदा वाजवला.

सूर भिंतींना लागून परत आला. दुसरा. तिसरा. भुशाचे कण फळीवर थरथरत होते. चौथ्या सुराला वाद्याची मान किंचित खाली गेली.

फार नाही. डोक्यावर एखादी चिमणी बसावी इतकीच. खर्ज्याने डाव्या हाताने मान सावरली. वजन गेलं नाही. तो वाद्याच्या डोक्याकडे बघू शकला असता. त्याने बघितलं नाही. नजर आपल्या पंजावर ठेवली आणि वाजवत राहिला. जाड तार संपली. दुसरी संपली. तिसरी. घाम कानामागून मानेत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एकदा त्याचं बोट घसरलं आणि एक पडदा गाळला गेला. मान लगेच खाली दाबली गेली, जोरात.

"चुकलो..." तो पुटपुटला. मागे गेला. गाळलेला पडदा वाजवला. दाब सैल झाला.

मग बारीक तार. पहिला, दुसरा, तिसरा पडदा. सहावा.

सातव्यावर त्याने बोट ठेवलं. त्याने तार छेडली.

सूर उठला. आणि उभा राहिला. भरलेला, गोल, मास्तरांना हवा होता तसा. खर्ज्या वाट बघत राहिला. सूर संपेना. त्याने छेडणारा हात मांडीवर ठेवला, तरी तो चालूच होता. भिंतीवरच्या तारा नसलेल्या माना आता हलक्या गुणगुणत होत्या. खिडकीची काच गुणगुणत होती. त्याच्या दातांत ते गुणगुणणं शिरलं. तो हलला नाही. बोट पडद्यावरून काढायची त्याची छाती झाली नाही.

मग वाद्याच्या डोक्यावरचं वजन उचललं गेलं आणि सूर संपला.

कुणी "इथे" म्हणालं नाही.

उरलेले पडदे त्याने शेवटपर्यंत वाजवले. शेवटचा सूर विरला तशी समोरची खुर्ची करकरली, कुणी हात टेकून उठावं तशी. भुशातून काहीतरी घासत, सावकाश, मधल्या दाराकडे गेलं. दार उघडलं नाही.

पलीकडे काकूंचा आवाज आला, रोजचाच, थोडा वैतागलेला.

"झालं का समाधान? मग आता पडा जरा. पाठ धरेल पुन्हा."

आत खाट वाजली.

खर्ज्याने वाद्य पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि काकूंचा निरोप न घेता बाहेर पडला. उधारी फिटली होती.