आजीचं कुंकू आणि चंद्रावरची हार्ड डिस्क

काल संध्याकाळी उत्तम चाललेली हार्ड डिस्क आज सकाळी नुसती टक् टक् करत होती. मधल्या वेळात ती पडली नव्हती आणि भिजलीही नव्हती. चंद्रावरच्या वस्तीत पाऊस नाही, उंदीर नाहीत आणि लोडशेडिंगही नाही. मग बिघडली कशी?

ही हार्ड डिस्क (जुन्या संगणकात माहिती साठवणारी धातूची चपटी डबी) डॉ. सिद्रामप्पा बिराजदार यांची. मंगळवेढ्याकडे उभा जन्म त्यांनी ज्वारीवर संशोधन केलं आणि आता म्हातारपणी ते चंद्रावर मुलाकडे राहायला आले होते. कमी पाण्यात कणीस कसं भरतं, कोणत्या दिवशी किती पाणी तोडायचं, याच्या सगळ्या नोंदी त्या डबीत होत्या. इथल्या हरितगृहात (काचेखालच्या शेतात) ज्वारी उंच वाढली होती, पण कणसं पोचट होती. हरितगृहाच्या प्रमुख कुंदाताई स्वभावाने चांगल्या, पण हिशेबी. त्यांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारपर्यंत उपाय सांगा, नाहीतर त्या वाफ्यात मी पालक लावते."

काल डिस्क सुरू झाली, फायलींची नावं दिसली आणि बिराजदार आजोबा म्हणाले, "आता कसली घाई? उद्या निवांत उतरवून घेऊ." शहाणी माणसंही कधीकधी असं बोलतात.

"आजोबा, मीच बिघडवली," शाल्मली म्हणाली. ही त्यांची नात. तिचा जन्म चंद्रावरचा. भाकरीचं वर्णन तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की न खाताच ती तिला आवडू लागली होती.

"तू काय केलंस?"

"तिच्यावर लाल डाग होता. वाळलेला, कडक. काल रात्री ओल्या कापसाने पुसला."

"अगं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! डागाने कुठे डिस्क..." आजोबा मध्येच थांबले. "कोपऱ्यातला डाग? पुसलास?"

"हो."

"कापूस कुठाय?"

"पुनर्वापराच्या यंत्रात टाकला."

आजोबा खुर्चीवर बसले. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करतात. बिराजदारांच्या घरी विळा, तराजू आणि संगणक पूजेला असत. संगणक भंगारात गेला, पण आजीने डिस्क काढून ठेवायला लावली. "इतकी वर्षं पुजलेलं हत्यार आहे, टाकायचं नाही," असा तिचा हुकूम. तेलात कालवलेलं कुंकू ती अंगठ्याने डिस्कला लावायची. आजी मागच्या वर्षी पृथ्वीवरच वारली. पुसला गेला तो तिचा शेवटचा टिळा होता.

शाल्मलीचे डोळे भरले. आजोबा रागावले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नव्हतं, बाळ."

मग भिंग घेऊन त्यांनी तो कोपरा पाहिला. तिथे सुईएवढं छिद्र होतं आणि शेजारी सूचना छापलेली होती : हे छिद्र झाकू नये. आजोबांना हसू आलं. "दरवर्षी भांडायचो तिच्याशी. म्हणायचो, भोकावर नको लावूस. तर म्हणायची, अहो, वर्षातून एकदा टिळा लावते, तुमची डिस्क काही गुदमरत नाही!"

"पण छिद्र असतंच कशाला?"

"आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून. आत गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावर चुंबकाचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. काहींचं तोंड इकडे, काहींचं तिकडे. इकडे म्हणजे शून्य, तिकडे म्हणजे एक. सगळी माहिती या दोनच खुणांत लिहिलेली. ती वाचतं एक बारीक टोक."

"ते चकतीला घासतं?"

"घासलं तर संपलंच! चकती गरागरा फिरते, आपल्याबरोबर हवा ओढते आणि त्या हवेवर टोक तरंगतं. केसाच्या जाडीचे हजारो पदर केले, तर त्यातल्या एकाएवढ्या उंचीवर."

शाल्मली विचारात पडली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वस्तीत डाळ कुकरशिवाय शिजतच नाही, कारण इथली हवा पृथ्वीवरच्या हवेच्या निम्म्याहून थोडीच जास्त दाट. भिंतींवर ताण कमी यावा म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवतात आणि श्वासासाठी प्राणवायूचं प्रमाण वाढवतात. पातळ हवेत पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही.

"आजोबा!" ती ओरडली. "आजीच्या कुंकवाने बूच बसलं होतं! आत पृथ्वीची हवा कोंडलेली होती. मी बूच काढलं, ती निघून गेली. आता टोकाला तरंगायला हवाच पुरत नाही!"

आजोबांनी डिस्क हातात घेतली. "म्हणजे टक् टक् होतंय, ते टोक उठायचा प्रयत्न करून जागेवर परत येतंय. डिस्क बिघडलेली नाही. तिला फक्त दाट हवा हवी."

"डाळीसारखी," शाल्मली म्हणाली.

आईने कुकर दिला, पण कुरकुरत. तो धुऊन कोरडा केला. झाकणाच्या एका भोकातून तारा आत घेतल्या आणि भोक डिंकाने बुजवलं. दुसऱ्या भोकाला अवकाश-पोशाख तपासायचा हातपंप जोडला आणि मध्ये धूळ अडवणारी गाळणी बसवली, कारण त्या टोकासमोर धुळीचा कण म्हणजे डोंगर. शाल्मलीने पंप मारला. दाबमापकाचा काटा पृथ्वीच्या खुणेवर आला. डिस्कचं छिद्र आता कामाला लागलं होतं. त्यातूनच दाट हवा डिस्कमध्ये शिरत होती.

आजोबांनी कळ दाबली. एकदा टक् झालं, दुसऱ्यांदा झालं नाही. मग चकतीची एकसारखी घरघर ऐकू आली.

"आधी सगळ्याची प्रत," आजोबा घाईघाईने म्हणाले. "निवांतपणा पुरे झाला."

सोमवारी कुंदाताईंनी नोंदी वाचल्या आणि ज्वारीचं पाणी तोडलं. ज्वारीला लाडाने पाणी जास्त झालं होतं, एवढीच गोष्ट. पालक दुसऱ्या वाफ्यात गेला.

खंडेनवमी आली तेव्हा कणसं भरू लागली होती. आजोबांनी डिस्क पाटावर ठेवली, शेजारी कुकरही ठेवला. शाल्मलीने तेलात कुंकू कालवलं आणि अंगठा बुडवला.

"आजोबा, छिद्र सोडून बाजूला लावू ना?"

माहितीची प्रत केव्हाच झाली होती. डिस्कचं आता काहीच काम उरलं नव्हतं.

"नको," आजोबा म्हणाले. "आजी लावायची तिथेच लाव."