डेल्मरमामानं ‘सोड’ म्हटलं नाही

हे माझ्यासमोर घडलं. मी रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. जे मोजता येतं तेच मानायची माझी सवय. म्हणून जेवढं पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते. तुम्हाला पटणार नाही. मलाही अजून पटलेलं नाही.

रात्र नव्हती. नोव्हेंबरातली दुपार. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरावर, डेल्मरमामाच्या अंगणात. धुकं इतकं, की कुंपण दिसत नव्हतं.

ओलेटामामीच्या किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिससाठी सारखं खाली गावात जावं लागे, आणि रस्ता सगळा उताराचा. शेजारचा व्हर्ल तिला नेत होता, पण तो हिवाळ्यापुरता मुलीकडे निघाला होता. मंगळवारपासून मामाचा जुना पिकअप, दुसरं काही नाही.

आणि पिकअपचे ब्रेक लागत नव्हते.

मामानं पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळून धरणारे भाग, घरीच बदलले होते. तेव्हापासून पेडल मऊ. पाय ठेवला की ओल्या स्पंजसारखं खाली जायचं.

ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली की असं होतं. ती काढायला दोघं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर काढतो. स्क्रू बंद व्हायच्या आधी पाय उचलला, तर हवा पुन्हा आत. म्हणून त्या घरात एकच नियम. खालून ‘सोड’ ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आत बसायचं काम गॅरेटचं असे. मामाचा एकुलता मुलगा.

तो आदल्या वर्षी गेला. खाणीत छत कोसळून.

त्या दुपारी मी बसले.

“दाब.”

“धरलं.”

“सोड.”

तेल स्वच्छ येत होतं. एकही बुडबुडा नाही. पेडल मात्र तसंच.

“कॉलेजात पाय दाबायला शिकवत नाहीत वाटतं?” मामा चाकामागून म्हणाला.

“शिकवतात. परीक्षा नसते त्याची.”

तो हसला. त्यानंतर तो हसल्याचं मला आठवत नाही.

मागे कुठे गळतंय का बघायला मी उतरले. धुक्यात मामाला ते दिसलं नसावं.

“दाब,” तो म्हणाला.

मी सांगणार होते, की मी इकडे मागे आहे...

“धरलंय, डॅडी.”

आवाज केबिनमधून आला.

मी उघड्या दाराशी गेले. सीट रिकामी. आणि पेडल... पेडल हळूहळू तळाला चाललं होतं. तिथेच थांबलं.

“सोड.”

पेडल वर आलं.

मामाचा हात थांबला नव्हता. दचकला नव्हता तो.

मला त्या पेडलकडे बघवेना. म्हणून कॅलिपरकडे पाहिलं. हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला असायला हवा. तो खाली होता. हवा वर अडकलेली, वाट खाली. जन्मभर दाबलं असतं तरी निघाली नसती.

“मामा, डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय. उजवा डावीकडे.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

त्यानं पाना पुसला. “पेडल घट्ट झालं, की पोराचं काम संपलं ना, टेसा.”

मामी दारात उभी होती, चौकट धरून. किती वेळ, कोण जाणे.

“मला मंगळवारी खाली जायचंय, डेल्मर.” एवढंच म्हणाली.

मामानं दोन्ही कॅलिपर काढून बरोबर बाजूंना लावले. मी पुन्हा बसले. या वेळी बुडबुडेच बुडबुडे निघाले. पेडल दगडासारखं झालं. शेवटची तपासणी राहिली. इंजिन चालू करून मी जोरात दाबलं आणि मामा खाली गळती बघू लागला.

“धरलं,” मी म्हटलं.

“धरलंय...”

अगदी माझ्या कानाशी.

मामा गाडीखालून बाहेर आला. थेंबही गळत नव्हता. तो केबिनकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी.

‘सोड’ म्हणालाच नाही.

मी पाय उचलला.

पेडल दाबलेलंच राहिलं.

चाकं जाम. गावातून मेकॅनिक आला. त्यानं पेडल हातानं वर ओढलं, हात काढताच ते पुन्हा खाली गेलं. आपला पाना तिथेच टाकून तो निघून गेला.

मी स्वतः म्हणून पाहिलं. “सोड.”

पेडल हललं नाही. मग...

“डॅडीला सांगू दे.”

मामीनं ऐकलं. ती मामाचा हात धरून म्हणाली, “म्हण ना रे. एक शब्द. मला जगायचंय अजून.”

मामाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

मामीला न्यायला काउंटीची सरकारी गाडी येई तेव्हा येई. फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बंद झाला. मामी गेली.

तिला पुरून आल्यावर मी म्हटलं, “मामा, आता तरी म्हण.”

“आता खाली कुणाला जायचंय?”

पिकअप अजून अंगणात आहे. मी रविवारी फोन करते. बोलता बोलता मामा अंगणात जातो, केबिनचं दार करकरतं. मग तो फोन बाजूला धरून हळूच विचारतो, “धरलंयस ना?”

उत्तर यायच्या आत मी फोन ठेवते.

गेल्या रविवारी फोन ठेवायला उशीर झाला.