उरलेल्या सात वाट्या

नऊ वाजून दहा मिनिटांनी चार नंबरच्या मशीनवरची वाटी फुटली. टायर फुटावा तसा आवाज झाला. सुहैला दोन्ही हातांनी चेहरा धरून खाली बसली आणि तिच्या बोटांमधून रक्त यायला लागलं.

वाटी म्हणजे हवेच्या नळीतलं पाणी धरणारं पारदर्शक प्लास्टिकचं भांडं. बायान लेपास गावातल्या त्या कारखान्यातच ती बनायची. सहाशे नग बाहेर गेले होते आणि घरचाच माल म्हणून आठ इथेही बसवले होते, प्रत्येक मशीनपाशी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. एक फुटली, सात उरल्या. सातांतही हवा दाबून भरलेली होती. सुहैलाला दवाखान्यात नेल्यावर जो तो मान खाली घालून त्या सातांखालून जात होता.

तेह तौके, म्हणजे मालक, हवा बंद करायला तयार नव्हता. मशीनमधलं प्लास्टिक थिजेल म्हणाला. कुणीतरी दाब वाढवला असणार, वाटीची भिंत सगळीकडे तीन मिलिमीटर आहे, तसा कागद आहे.

मालाच्या तपासणीवर अठरा वर्षं असलेल्या रोहायानं तुकडे ताटलीत गोळा केले. प्रत्येक खोक्यावर तिचाच शिक्का असायचा. तिनं मोजमाप घेतलं. बाजूची भिंत तीन. पण भिंत तळाला मिळते त्या कडेला जेमतेम सव्वा.

साचा एका बाजूला सरकला तर असं होतं, पण मग समोरची बाजू जाड निघते. तिनं समोरची कड मोजली. तिथेही सव्वाच.

तौकेला दाखवलं तर तो म्हणाला, फुटताना प्लास्टिक ताणतं, पातळ होतं. आणि तसं नसेल तर कॉम्प्युटरवाल्या मलरनं खोटा कागद केला, पोलिसांपुढे तिलाच उभं करतो.

"अकरापर्यंत सिद्ध कर. मग हवा बंद," तो म्हणाला.

तपासणीचा कागद फाइलमध्ये होता. कॉम्प्युटरवर वाटीचं चित्र उभं करून सॉफ्टवेअरनं भिंतीची जाडी मोजलेली. खाली शेरा, तीनपेक्षा कमी कुठेच नाही. तौकेनं रंगीत शाई कुलपात ठेवल्यापासून त्या फाइलमधला एकूण एक कागद काळापांढरा होता. वाटी डोक्यापासून तळापर्यंत राखाडी दिसत होती. खाली मलरचं नाव आणि तारीख.

मलर ही वाट्या-डबे रेखणारी सव्वीस वर्षांची पोरगी. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, पण पडद्याकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

"कागद तुझा?" रोहायानं विचारलं.

"नाव माझं आहे, काक." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती रोहायाला काक म्हणायची. "पण सॉफ्टवेअरचा परवाना एकच, कॉम्प्युटर एकच. इथे जो बसेल त्याचं नाव मलरच येतं."

"तारीख बघ."

मलरनं बघितली. "हा तर थायपुसमच्या सणाचा दिवस. मी दुधाचा घडा डोक्यावर घेऊन अनवाणी टेकडी चढत होते."

त्या दिवशी कारखाना चालू होता. चिनी नववर्षाच्या आत माल पोचवायचा होता, मलरखेरीज सुट्टी कुणाला देणार? ऑफिसात तिघेच होते: तौके, साचेवाला फाइरुझ आणि ऑर्डरी सांभाळणारा कुआन.

"मग परत आल्यावर बघितलं नाहीस?"

"कागद फाइलमध्ये लावलेला होता. वाटलं, मी सोमवारी केलेल्या तपासणीचाच असेल." ती रडायला लागली. "माझ्यामुळे सुहैलाचा डोळा गेला का, काक?"

रोहायाला ते माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

फाइरुझ सरळ माणूस. या कॉम्प्युटरवरून जी फाइल आली ती मी पोलादात उतरवली, म्हणाला. पडद्यावरचं आपल्याला कळत नाही, पोलादाचं विचार. तौकेनं कबूल केलं की कागदावर त्यानं न वाचताच सही केली. कुआन मशीनच्या रांगेत आलाच नाही. तो दारातच उभा होता, तेव्हा रोहायाच तिकडे गेली.

"तू तपासणी बघितली होतीस?"

"फाइलमधला कागद बघितला. त्या कॉम्प्युटरवर मी कधी बसत नाही, मला जमतही नाही."

"कागदात काही खटकलं?"

"काय खटकणार? मानेला एक पिवळी कड, बाकी सगळं हिरवंगार. लोक आधीच घाबरलेत, तू आणखी कशाला घाबरवतेस?"

साडेदहा झाले होते. सहा नंबरची वाटी मधूनच चुकचुकत होती. ती नेहमीच चुकचुकायची, पण आज बायकांचे हात तेवढ्यानं थांबत होते.

रोहायानं मलरला त्या दिवसाची तपासणी पडद्यावर काढायला लावली. वाटी हिरवी आली. मानेभोवती पिवळं कडं होतं. तळाच्या कडेवर मात्र रंगच नव्हता. ती मुळातच राखाडी होती.

"पिवळं म्हणजे काय?"

"हवं त्यापेक्षा जाड. मी वरची मर्यादा सहावर ठेवते, त्यामुळे माझ्याकडे मान हिरवीच येते. इथे चार आहे. सॉफ्टवेअर आपोआप देतं ती. हे नवख्याचं काम आहे, काक."

"आणि हा राखाडी पट्टा?"

मलरनं पट्ट्यावर बोट ठेवलं. "तेवढा भाग तपासणीतून वगळलाय. तिथं मोजलंच नाही."

अकराला पाच कमी असताना रोहायानं तिघांना पडद्यासमोर आणलं. ती थेट बोलली.

"मलरच्या चित्रात तळाची कड थोडीच गोल होती. थायपुसमच्या दिवशी कुणीतरी ती बाहेरून जास्त गोल केली. आतली बाजू मात्र तशीच ठेवली. करवंटी बाहेरूनच घासत बसलं तर उरणार काय? सव्वा मिलिमीटर. सॉफ्टवेअरनं कड लाल दाखवली असणार. मग त्यानं कड वगळली आणि पुन्हा तपासणी चालवली. लाल गेलं. छापताना हिरवं आणि राखाडी एकच झालं. आपल्या घरात रंगीत काही छापलं जात नाही, हे त्याला ठाऊक होतं."

तौकेनं खाली बघितलं.

"या तपासणीत मान पिवळी आहे. मलरच्या एकाही तपासणीत नाही. आणि कागदावर तर पिवळंही नाही, हिरवंही नाही. मग कुआन, फक्त कागद बघितलेल्या माणसाला पिवळी कड कुठे दिसली?"

"ऐकलं असेल कुणाकडून," कुआन म्हणाला.

"ठीक आहे. भिंत तीनची आहे ना? मग जा आणि हवेची तोटी बंद कर. सहा नंबरच्या वाटीखाली आहे. दहा पावलं."

कुआन उठला. चार पावलं गेला. सहा नंबर चुकचुकली आणि तो तिथेच थिजला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि पाचवं पाऊल काही केल्या पडेना.

"ग्राहकाच्या यंत्राच्या पेटीत वाटीचा तळ अडत होता," तो मागे न बघता म्हणाला. "आतला आकार बदलायचा तर त्यांची नवी सही लागली असती. पंधरा दिवस गेले असते. मी तारीख देऊन बसलो होतो. मला वाटलं, सव्वा पुरेल."

त्याच्या बाजूनं तेह तौके पुढे गेला. साठीचा माणूस, हात डोक्यावर धरून वाकून चालला होता. त्यानं तोटी फिरवली. हवा बराच वेळ सुस्कारत बाहेर पडत राहिली आणि मग मशीनं एकामागून एक थांबली.

"सहाशे कुठे गेल्या?" रोहायानं विचारलं.

"ग्राहकानं पुढे विकल्या. टायरची दुकानं. दातांचे दवाखाने." कुआन भिंतीला टेकून खाली बसला. "दोन शाळांच्या कार्यशाळा. यादी माझ्या खणात आहे."

मलर धावत जाऊन यादी घेऊन आली. रोहायानं पहिला नंबर फिरवला. बराच वेळ कुणी उचलेना. मग एका तरुण बाईनं उचलला. तिच्यामागे हवेचा पंप चालू होता. ती विचारत होती, कोण बोलतंय, कुठून बोलतंय.

"बाई, आधी त्या वाटीपासून लांब हो," रोहाया म्हणाली. "नाव मग सांगते."